धान्याच्या मागे दोन दिवस: भूक आणि गरिबी समजावून देणारी विद्यार्थी-सहल कोल्हापुरात कशी आखावी

कोल्हापूरच्या शाळा-महाविद्यालयांच्या सहलींचे मार्ग वर्षानुवर्षे ठरलेले आहेत. पन्हाळा, जोतिबा, कणेरी मठ, फार तर राधानगरी आणि दाजीपूर. गरिबी आणि भूक या विषयावर सहल काढावी असे ज्या शिक्षकांना वाटते, त्यांच्यापुढे पहिलाच प्रश्न उभा राहतो तो विद्यार्थ्यांना नेमके काय दाखवायचे हा. सहज सुचणारे उत्तर म्हणजे एखाद्या झोपडपट्टीत किंवा पालांवर मुलांना नेऊन लोक कसे राहतात ते दाखवणे. हे उत्तर टाळावे. अशा भेटीतून मुले हळहळत परततात, काही दिवस ताटात अन्न टाकत नाहीत, आणि भूक का निर्माण होते याबद्दल त्यांना आधीइतकेच माहीत असते. शिवाय ज्यांच्या दारात ही बस येऊन थांबते, त्यांच्या वाट्याला फक्त बघितले जाणे येते.

पुढे सुचवलेली सहल म्हणून माणसांऐवजी धान्याचा माग काढते. धान्य बाजारात कसे येते, तिथून रास्त भाव दुकानात, शाळेच्या पातेल्यात आणि अंगणवाडीत कसे पोचते, आणि या वाटेवर ते कोणापर्यंत पोचत नाही, हे विद्यार्थ्यांनी पायी फिरून, वजनकाटा आणि वही हातात घेऊन शोधायचे आहे. प्रत्येक थांब्यावर प्रश्न एकच ठेवावा: इथे धान्य आहे, मग ते कोणाला मिळत नाही आणि का?

या प्रश्नासाठी कोल्हापूर सोयीचे ठिकाण आहे, कारण हा जिल्हा सधन आहे. पंचगंगेच्या खोऱ्यात पाणी आहे, ऊस आहे, दूध आहे, सहकारी संस्थांचे जाळे आहे. अन्न कमी पडले म्हणून माणसे उपाशी राहिली, हे नेहमीचे स्पष्टीकरण इथे चालत नाही, त्यामुळे विद्यार्थ्यांना खऱ्या कारणांकडे वळावे लागते. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचा अभ्यास करताना अमर्त्य सेन यांनी हाच मुद्दा मांडला होता. त्या वर्षी बंगालमध्ये उपलब्ध असलेले धान्य १९४१ च्या तुलनेत कमी नव्हते, तरीही त्यांच्या अंदाजानुसार सुमारे तीस लाख माणसे मेली, कारण भाव भडकले आणि शेतमजूर, कोळी, छोटे कारागीर यांच्या हातात ते धान्य विकत घेण्याची ताकद उरली नाही. विद्यार्थ्यांना हे आधी सांगू नये. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सांगावे, तोवर निम्म्यांना ते स्वतःच उमगलेले असते.

गट, काळ आणि परवानग्या

ही सहल नववीपासून पदवीच्या पहिल्या वर्षापर्यंतच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. गट पंचवीस जणांचा असावा. त्याहून मोठा गट अंगणवाडीत किंवा रेशन दुकानात मावत नाही, आणि शेवटच्या दिवशीच्या पंगतीचा हिशेबही पंचवीसच्या पटावर बसवलेला आहे. काळ डिसेंबर-जानेवारी हा योग्य, कारण तेव्हा उसाचा गाळप हंगाम भरात असतो आणि बोर्डाच्या परीक्षा अजून सुरू झालेल्या नसतात. सलग दोन दिवस जमत नसतील तर लागोपाठच्या दोन शनिवारी सहल केली तरी चालते. मात्र शाळेचा पोषण आहार आणि अंगणवाडी चालू असेल अशाच वेळेला पहिला दिवस बसवावा.

परवानग्यांना किमान दीड महिना धरावा. रास्त भाव दुकानासाठी पुरवठा विभागाचे, शाळेच्या पोषण आहारासाठी मुख्याध्यापकांचे आणि पंचायत समितीतील पोषण आहार अधीक्षकांचे, अंगणवाडीसाठी बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांचे पत्र लागते. पत्र मिळाले तरी अंगणवाडी सेविकांना आणि रेशन दुकानदारांना शिक्षकांनी आधी प्रत्यक्ष भेटावे. वरून आलेल्या पत्रामुळे ही मंडळी मुलांना तपासणी पथक समजून धास्तावतात आणि मग भिंतीवरचे तक्ते ताजे होतात, बाकी काही कळत नाही. पालकांची संमतीपत्रे आणि एस. टी.च्या सहल-सवलतीचा अर्ज हे नेहमीचे सोपस्कार इथेही आहेतच.

निघण्यापूर्वी वर्गात

दोन तासिका पुरतात, पण त्या टाळू नयेत. पहिल्या तासिकेत आकडे वाचायला शिकवावे. संयुक्त राष्ट्रांच्या २०२५ च्या अन्नसुरक्षा अहवालानुसार २०२४ मध्ये जगात सुमारे ६७ कोटी ३० लाख माणसे, म्हणजे लोकसंख्येच्या ८.२ टक्के, पुरेशा उष्मांकांअभावी भुकेली होती, आणि २६० कोटी माणसांना सकस आहार परवडत नव्हता. या दोन आकड्यांमधली दरी हाच या तासिकेचा विषय. पोट भरते पण डाळ, भाजी, दूध, फळ मिळत नाही, अशांची संख्या उपाशी माणसांच्या जवळजवळ तिप्पट आहे.

जागतिक बँकेची दारिद्र्यरेषा जून २०२५ पासून दर माणशी दररोज तीन डॉलर अशी आहे. हे ऐकल्यावर एखादा हुशार विद्यार्थी लगेच बँकेतल्या विनिमय दराने गुणाकार करून अडीचशेच्या वरची रक्कम सांगतो आणि म्हणतो की मग गरीब आहेच कोण. त्याला तिथेच थांबवून सांगावे की हे डॉलर क्रयशक्तीच्या समतेने मोजलेले आहेत. अमेरिकेत तीन डॉलरला जितके सामान येते, तितके सामान इथे ज्या रकमेत येते ती रक्कम धरायची, आणि ती विनिमय दराच्या रकमेहून बरीच कमी असते.

दुसऱ्या तासिकेत वागण्याची शिस्त ठरवावी. कोणाचाही फोटो काढायचा नाही. बिस्किटे, जुने कपडे, वह्या वाटायच्या नाहीत. कोणाला उत्पन्न विचारायचे नाही. या नियमांपेक्षा महत्त्वाची एक गोष्ट शिक्षकांनी स्वतःच्या बोलण्यात पाळायची आहे. ‘ते लोक’ आणि ‘आपण’ अशी वाक्ये बोलू नयेत. पंचवीस विद्यार्थ्यांच्या कोणत्याही गटात काहींच्या घरी रेशनचाच तांदूळ शिजत असतो, काहींचे आई-वडील यंत्रमागावर किंवा बांधकामावर मजुरी करत असतात, आणि त्यांना आपली ओळख सगळ्यांसमोर द्यायची नसते. कोणाच्या घरी कोणत्या रंगाची शिधापत्रिका आहे, हे हात वर करून विचारण्याचा मोह शिक्षकांना होतो. तो आवरावा.

एक दिवस उपवास करून भूक अनुभवावी, अशी सूचना हमखास येते. ती नम्रपणे नाकारावी. एकादशीला साबुदाण्याची खिचडी आणि रताळी खाणाऱ्या आपल्या समाजाला उपवास शिकवायची गरज नाही. आणि संध्याकाळी सुटणार आहे हे माहीत असलेला उपवास, उद्या काय शिजेल हे माहीत नसलेल्या भुकेबद्दल फारसे काही सांगत नाही.

पहिला दिवस: लक्ष्मीपुरी आणि कपिलतीर्थ

सकाळी लक्ष्मीपुरीतल्या धान्यबाजारापासून सुरुवात करावी. पोत्यांच्या थप्प्या, गहू-तांदळाचे प्रकार, घाऊक आणि किरकोळ भावांतला फरक हे अर्ध्या तासात बघून होते. खरा धडा त्यानंतरच्या खरेदीत आहे, म्हणून त्याला दीड तास द्यावा.

विद्यार्थ्यांचे पाच-पाच जणांचे पाच गट करावेत. प्रत्येक गट म्हणजे एक कुटुंब, आणि त्याने एका दिवसाच्या दोन्ही वेळच्या जेवणाची सामग्री लक्ष्मीपुरी आणि कपिलतीर्थ मंडईतून आणायची आहे. सामग्रीत धान्य, डाळ, तेल, मीठ-मसाला, भाजी आणि लहान मुलासाठी दूध असावे. गटांना मिळणारी रक्कम मात्र वेगवेगळी ठेवावी. दोन गटांना पुरेशी, दोघांना त्याच्या निम्मी, एकाला चौथाई. कोणाला किती मिळाले हे परत येईपर्यंत कोणी कोणाला सांगायचे नाही. चौथाई रक्कम मिळालेल्या गटावर आणखी एक अट घालावी: त्यांनी सगळे सुटे, त्या दिवसापुरतेच घ्यायचे, कारण रोजंदारीवर जगणाऱ्या घरात महिन्याचा किराणा एकदम भरायला पैसे नसतात.

परत आल्यावर सामान जमिनीवर मांडून हिशेब करावा. त्यात दोन गोष्टी बहुतेक वेळा दिसतात. पहिली म्हणजे कमी पैशांच्या गटाने सर्वांत आधी डाळ आणि दूध सोडलेले असते, त्यानंतर भाजी, आणि तांदूळ सर्वांत शेवटी. अन्न तुटते ते असे एका टोकाकडून तुटते, आणि त्या टोकाला प्रथिने असतात. दुसरी गोष्ट म्हणजे सुट्या तेलाला आणि छोट्या पुड्यांना किलोमागे किंवा लिटरमागे जास्त पैसे पडलेले असतात. गरिबाला तीच वस्तू महाग मिळते, हे विद्यार्थ्यांना भाषणातून पटत नाही, पावत्यांतून पटते. सर्व गट एकाच बाजारात, एकाच सकाळी, त्याच पोत्यांसमोर उभे होते, याकडे शिक्षकांनी एकदा लक्ष वेधावे आणि पुढे निघावे.

रास्त भाव दुकान

वाटपाचे दिवस आधी विचारून घ्यावेत, नाहीतर कुलूप बघून परतावे लागते. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा. त्यानुसार प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीला महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय, म्हणजे सर्वांत गरीब, कुटुंबाला, माणसे कितीही असोत, ३५ किलो धान्य मिळते. ग्रामीण भागात ७५ टक्के आणि शहरी भागात ५० टक्क्यांपर्यंत लोकसंख्या या कायद्याच्या कक्षेत येऊ शकते. तांदूळ तीन, गहू दोन आणि भरडधान्य एक रुपया किलो असा मूळ दर होता. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे.

आता वह्या उघडायला सांगाव्यात. महिन्याला ५ किलो म्हणजे दिवसाला साधारण १६६ ग्रॅम. तेवढा तांदूळ वजनकाट्यावर मोजून प्रत्येकाच्या हातात द्यावा. त्यातून सुमारे पावणेसहाशे उष्मांक मिळतात. जागतिक अन्न कार्यक्रम संकटग्रस्तांसाठी अन्नवाटप आखताना दर माणशी दररोज २१०० उष्मांकांचा आधार धरतो. म्हणजे रेशनमधून चौथ्या हिश्श्याहून थोडे जास्त भागते, बाकीचे विकत घ्यावे लागते, आणि सकाळच्या खरेदीशी हा हिशेब इथे जोडला जातो. अंत्योदयचेही गणित करून घ्यावे: सात माणसांच्या घरात ३५ किलो म्हणजे माणशी पाचच किलो होतात, दोघांच्या घरात साडेसतरा. सर्वांत गरीब घरांसाठीच्या योजनेत मोठ्या कुटुंबाला जादा काही मिळत नाही, हे विद्यार्थ्यांनी स्वतः भागाकार करून शोधले तर ते विसरत नाहीत.

दुकानदाराला बोलते करावे. ई-पॉस यंत्र, अंगठ्याचा ठसा, राबून झिजलेल्या किंवा म्हाताऱ्या बोटांचे न उमटणारे ठसे, नेटवर्क गेल्यावर ताटकळणारी रांग, या गोष्टी तो पुस्तकापेक्षा चांगल्या सांगतो. पोषणमूल्य वाढवलेल्या तांदळाचीही चौकशी करावी. गेल्या काही वर्षांत रेशनच्या तांदळात लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ जीवनसत्त्व घातलेले दाणे शंभरास एक या प्रमाणात मिसळलेले असत. ते पाण्यावर तरंगतात, रंगाने थोडे वेगळे दिसतात, आणि म्हणून गावोगाव ‘प्लॅस्टिकचा तांदूळ’ आल्याची आवई उठली. अनेक घरांतून हे दाणे निवडून फेकले गेले. चांगली योजना समजावून न सांगता राबवली की काय होते, याचे याहून सोपे उदाहरण मिळणार नाही.

शाळेचे पातेले आणि अंगणवाडी

दुपारच्या आत करवीर तालुक्यातल्या एखाद्या जिल्हा परिषद शाळेत पोचावे. प्रयाग चिखली किंवा आंबेवाडी निवडल्यास आणखी एक धागा हाती लागतो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत ही गावे पाण्याखाली गेली होती. पुराच्या दिवसांत मजुरी थांबते, शाळा बंद होते आणि त्यासोबत मुलांचे दुपारचे जेवणही थांबते, हे तिथली मुले स्वतः सांगू शकतात.

देशपातळीवर शाळांतील आहार योजना १९९५ मध्ये सुरू झाली. सुरुवातीला अनेक राज्यांत कोरडे धान्य दिले जाई. सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २००१ च्या आदेशानंतर शिजवलेले अन्न देणे बंधनकारक झाले. पहिली ते पाचवीसाठी ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने, सहावी ते आठवीसाठी ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिने हे प्रमाण आहे. त्यासाठी अनुक्रमे १०० आणि १५० ग्रॅम धान्य मिळते. विद्यार्थ्यांनी ताटातले अन्न मोजत बसू नये, ते लहान मुलांना अपमानास्पद वाटते. शिजवण्यापूर्वीचे धान्य आणि डाळ स्वयंपाक करणाऱ्या मावशींच्या सोबतीने मोजावी. त्या मावशींना त्यांचे मानधन आणि ते वेळेवर येते का, हे विचारायला हरकत नाही. त्या हसून उत्तर देतात आणि ते उत्तर वहीत लिहून घेण्यासारखे असते.

अंगणवाडीत पाच-सहा जणांच्या तुकडीने आळीपाळीने जावे. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली आणि सहा वर्षांखालील मुले, गरोदर आणि स्तनदा माता तिच्या कक्षेत येतात. सेविकांकडे दंडाचा घेर मोजण्याची तिरंगी पट्टी असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या बालकाचा घेर साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली असेल तर ते तीव्र कुपोषित, साडेअकरा ते साडेबारा असेल तर मध्यम. सेविका त्यांना ‘सॅम’ आणि ‘मॅम’ म्हणतात. खऱ्या बाळांचे दंड मोजायला विद्यार्थ्यांना सांगू नये. पट्टीवर साडेअकरा सेंटीमीटरचे कडे करून ते आपल्या अंगठ्या-तर्जनीच्या गोलाशी ताडून बघावे, तेवढे पुरते.

इथेच उंचीनुसार कमी वजन आणि वयानुसार कमी उंची यांतला भेद समजावावा. पहिले अलीकडच्या उपासमारीचे किंवा आजाराचे लक्षण, दुसरे वर्षानुवर्षांच्या तुटपुंज्या आहाराचे आणि वारंवार होणाऱ्या जुलाब-तापाचे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुलांची वाढ खुंटलेली आणि २५.६ टक्के मुले उंचीच्या मानाने हडकुळी आढळली. दुसरा आकडा देशाच्या १९.३ टक्के सरासरीहून जास्त आहे. पुढारलेल्या राज्यात असे का, यावर परतीच्या बसमध्ये बरीच चर्चा होते, होऊ द्यावी. त्याच सर्वेक्षणात राज्यातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. हा वयोगट बसमध्येही बसलेला आहे, हे मुलींना आणि मुलांनाही सांगावे. सहलीनंतर महाविद्यालयात हिमोग्लोबिन तपासणीचे शिबिर ठेवता आले तर उत्तम, पण निकाल ज्याचा त्याला बंद पाकिटात द्यावा.

पहिल्या दिवशी जेवण म्हणून डबे आणायला सांगावेत. सहल म्हटली की परतीच्या वाटेवर तांबडा-पांढरा ठरलेला असतो, तो या खेपेस राहू द्यावा. दहा रुपयांची शिवभोजन थाळी खायला गट नेण्याची कल्पनाही चांगली वाटली तरी करू नये. २०२० मध्ये सुरू झालेल्या या योजनेत प्रत्येक केंद्राला रोजच्या थाळ्यांची संख्या ठरवून दिलेली असते, आणि आपण खाल्लेली पंचवीस ताटे कोणाच्या तरी वाट्याची असतात.

दुसरा दिवस: उसाचा फड

या सहलीतला हा सर्वांत नाजूक भाग आहे आणि तयारी नसेल तर तो सरळ गाळावा. हंगामात बीड, अहिल्यानगर, जालना, धाराशिव या भागांतून लाखो मजूर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला येतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून हंगामापूर्वी उचल घेतलेली असते आणि तोडलेल्या टनांच्या मजुरीतून ती फिटत जाते. फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर चढते. पाणी असलेल्या जिल्ह्याची समृद्धी आणि पाणी नसलेल्या जिल्ह्याची गरज कशी एकमेकांत गुंतली आहे, ते या एका फडात दिसते. जागतिक गरिबीवरच्या चर्चेत स्थलांतर, कर्ज आणि हवामान हे तीन शब्द वेगवेगळ्या प्रकरणांत येतात. इथे ते एकाच मोळीत बांधलेले आहेत.

खोपींच्या वस्तीवर जाऊ नये. तिथे लोकांची चूल, अंघोळ, झोप उघड्यावर असते, आणि पाहुण्यांना कुठे बसवावे याचा संकोच होतो. फडात जावे, कारण तिथे ते आपल्या कामावर असतात आणि त्या कामातले जाणकार असतात. कारखान्याच्या शेती विभागातर्फे मुकादमाशी बोलणे करावे, मात्र मुकादमाचा होकार म्हणजे टोळीचा होकार असे समजू नये. आदल्या दिवशी शिक्षकांनी स्वतः जाऊन एक-दोन जोड्यांना विचारावे. टनावर मजुरी मिळणाऱ्या माणसाचा एक तास म्हणजे त्याचे थेट नुकसान असते. त्या तासाची भरपाई किती हे आधी ठरवून, ती मुकादमाच्या हाती न देता त्या जोडीला, दोघांच्याही देखत, रोख द्यावी. ही मदत किंवा बक्षीस नसून शिकवल्याचे मानधन आहे, असे विद्यार्थ्यांनाही सांगावे.

बोलणे न्याहारीच्या सुट्टीत करावे. रेशन कार्ड गावी आहे की सोबत, इथे त्यावर धान्य घेतले का, मुलांची शाळा कुठे, घरी म्हाताऱ्यांपाशी कोण राहिले, हे प्रश्न पुरेसे आहेत. एका कार्डावर देशात कुठेही धान्य घेण्याची सोय सरकारी योजनेत आहे. ती फडापासून किती लांबच्या दुकानात, कोणत्या वेळेला आणि किती मजुरी बुडवून वापरता येते, हे विद्यार्थ्यांनी तिथेच मोजावे. कागदावरचा हक्क आणि ताटातला भात यांच्यातले अंतर किलोमीटरमध्ये मोजता येते, हे त्यांना इथे कळते. कोयता कोणाच्याही हातात देऊ नये. उसाच्या पाल्याने अंग कापते, म्हणून पूर्ण बाह्यांचे कपडे आणि बूट सक्तीचे करावेत.

कसबा बावडा आणि मागच्या पिढ्यांची भूक

दुपारी कसबा बावड्यातील लक्ष्मी विलास पॅलेस, म्हणजे राजर्षी शाहू महाराजांचे जन्मस्थळ, इथे यावे. महाराजांनी १८९४ मध्ये राज्यकारभार हाती घेतला आणि लगेचच १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ, त्यातच प्लेगची साथ, असे संकट ओढवले. संस्थानात दुष्काळी कामे काढण्यात आली आणि स्वस्त धान्याची दुकाने उघडण्यात आली. पुढे राधानगरीचे धरण हाती घेतले गेले, जे पूर्ण व्हायला १९५० चे दशक उजाडले. १९०२ चे पन्नास टक्के आरक्षण, वसतिगृहे आणि १९१७ चा सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा निर्णय हे सगळे विद्यार्थ्यांनी पाठ केलेले असते. तेच निर्णय भुकेच्या बाजूने पुन्हा वाचायला लावावेत. वसतिगृहात आधी जेवणाची सोय लागते आणि मग अभ्यासाची, हे वसतिगृहात राहून शिकलेल्या कोणालाही विचारावे.

१९७२ च्या दुष्काळाची माहिती घरूनच आणायला सांगावी. आजी-आजोबांना अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी, सुकडी आणि खडी फोडण्याची कामे आठवतात, विशेषतः ज्यांची मुळे जत, आटपाडी, सांगोला या बाजूला आहेत त्यांना. त्या काळात महाराष्ट्रात विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना रुजली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २००५ च्या देशव्यापी कायद्याला तिचाच आधार मिळाला. धान्य वाटण्याऐवजी काम मागण्याचा हक्क देणे, हा दुष्काळावरचा उपाय इथल्या मातीत निघाला, ही बाब पाठ्यपुस्तकात दोन ओळींत संपते. इथे तिला तासभर द्यावा.

जगाची पंगत

संध्याकाळी शाळेच्या सभागृहात पंचवीस जणांसाठी पुरेल इतका, किंबहुना थोडा जास्तच, साधा स्वयंपाक करावा: भात, भाकरी, आमटी, भाजी, कोशिंबीर, दही, फळ. विद्यार्थ्यांनी चिठ्ठ्या काढाव्यात. दोघांच्या पानात मूठभर भात आणि मीठ, सहा जणांच्या पानात पोटभर भात आणि पातळ आमटी, उरलेल्या सतरा जणांच्या पानात सर्व काही. वर दिलेल्या जागतिक टक्केवारीचे पंचवीसमध्ये केलेले हे रूपांतर आहे. ज्यांना आरोग्याची अडचण आहे त्यांना चिठ्ठीतून आधीच वगळून नोंदी घेण्याचे काम द्यावे, आणि त्यांची पाने सतरांत धरावीत. दहा मिनिटे कोणी बोलायचे नाही आणि आपल्या पानातले दुसऱ्याला द्यायचे नाही.

त्यानंतर बोलायला सांगावे. कोणीतरी म्हणतेच की अन्न तर समोर पातेल्यात होते. हेच वाक्य हवे असते, आणि आता बंगालचा दुष्काळ सांगावा. त्याला जोडून आजची दोन उदाहरणे द्यावीत. सुदानच्या झमझम छावणीत ऑगस्ट २०२४ मध्ये आणि गाझा शहर व परिसरात ऑगस्ट २०२५ मध्ये उपासमारीची सर्वांत वरची पातळी, म्हणजे दुष्काळ, असल्याचे आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी निश्चित केले. तिन्ही निकष पुरे झाल्याखेरीज सहसा हा शब्द वापरला जात नाही: वीस टक्के घरांत अन्नाचा टोकाचा तुटवडा, तीस टक्के मुलांत मध्यम किंवा तीव्र कुपोषण आणि दर दहा हजारांमागे रोज दोन मृत्यू. या दोन्ही ठिकाणी पाऊस चुकल्यामुळे ही वेळ आलेली नव्हती. लढाई आणि वेढ्यामुळे अन्नाची वाट बंद झाली होती. दोन दिवस धान्याची वाट तपासलेल्या विद्यार्थ्यांना हे निराळे समजावावे लागत नाही. चर्चेनंतर अर्थातच सर्वांनी मिळून पोटभर जेवावे.

सहलीनंतर

‘माझा अनुभव’ या विषयावर निबंध लिहायला देऊ नये. प्रत्येक गटाने धान्याचा एक नकाशा काढावा: शेत किंवा गोदामापासून ताटापर्यंतचे टप्पे, आणि प्रत्येक टप्प्यावर ते कुठे, कशामुळे अडकते याच्या नोंदी. नोंदीत ऐकलेले आणि मोजलेले वेगळ्या शाईने लिहावे. या नकाशांची प्रत रेशन दुकानदार, शाळा आणि अंगणवाडी यांना परत नेऊन दाखवावी व त्यांच्या दुरुस्त्या घ्याव्यात. ठसा न उमटणाऱ्या आजींची किंवा नाव वगळल्या गेलेल्या कुटुंबाची नोंद झाली असेल, तर त्यांच्या संमतीने तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत अर्ज लिहायला विद्यार्थ्यांनी मदत करावी आणि त्या अर्जाचा पाठपुरावा वर्गाच्या नावाने वहीत ठेवावा. अन्नसुरक्षा कायद्यात जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आणि राज्य अन्न आयोग यांची तरतूद आहे, त्यांच्यापर्यंत पत्र कसे जाते हेही यातून शिकता येते.

निधी गोळा करू, असे विद्यार्थी म्हणाले तर अडवू नये, पण पैसा कोणाकडे आणि कशासाठी जाईल हे त्यांनी आधी त्या अंगणवाडीच्या किंवा शाळेच्या व्यवस्थापन समितीला विचारावे. बहुधा उत्तर खेळण्यांचे नसते, वजनकाट्याच्या दुरुस्तीचे किंवा पाण्याच्या टाकीचे असते. पुढच्या वर्षी हीच सहल काढायची असेल तर परवानग्यांचे अर्ज दिवाळीपूर्वी टाकावेत आणि कारखान्यांच्या गाळपाच्या तारखा जाहीर झाल्यावर फडाचा दिवस नक्की करावा.